विश्लेषण : रेचल कार्सन यांनी मुलांना समुद्र कसा दाखवला? प्लवकांचा ‘सायलेंट स्प्रिंग’शी काय संबंध?

कीटकनाशकांच्या अतिवापराविरुद्ध ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून जगाला जागे करणाऱ्या लेखिका म्हणून रेचल कार्सन ओळखल्या जातात. पण त्यांच्या लेखनाचा मोठा भाग समुद्राविषयी आहे. डोळ्यांना न दिसणारे समुद्री जीव लहान मुलांना आणि सामान्य वाचकांना कसे समजावून सांगायचे, या प्रश्नावर त्यांनी जवळपास तीन दशके काम केले. शाळेत आज अन्नसाखळीचा धडा शिकवतानाही हे काम उपयोगी पडते.

समुद्राची ओढ कशी लागली?

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. गाव नदीकाठी होते, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. पक्षी, किडे, झाडे पुस्तकात वाचण्याआधी रानात जाऊन पाहायची, अशी त्यांची शिस्त होती. लहानग्या रेचलला लेखनाचीही आवड होती. वयाच्या ११व्या वर्षी तिची पहिली गोष्ट एका बालमासिकात छापून आली.

महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्य घेतले, पण जीवशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी स्किंकर यांच्या शिकवण्याने प्रभावित होऊन विषय बदलला. १९२९च्या उन्हाळ्यात त्या वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेल्या. तेथे त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली.

रेडिओवर मासे कसे आले?

महामंदीच्या काळात घरची ओढाताण सुरू होती. १९३५ मध्ये वडील वारले. अशा वेळी अमेरिकेच्या मत्स्यव्यवसाय खात्यात अर्धवेळ काम मिळाले. सागरी जीवनावर ५२ छोट्या रेडिओ कार्यक्रमांच्या संहिता लिहायच्या होत्या. श्रोते घरी बसलेले, समोर चित्र नाही, शास्त्रीय नावे ऐकायला कोणी तयार नाही. त्यामुळे एखाद्या माशाचा दिवस कसा जातो, तो काय खातो, त्याला कोण खाते, हे गोष्टीसारखे सांगणे भाग होते. त्यांच्या पुढच्या लेखनाची घडण येथेच झाली.

१९३६ मध्ये परीक्षेत पहिल्या येऊन त्या याच खात्यात कायमस्वरूपी जीवशास्त्रज्ञ झाल्या. खात्याच्या पुस्तिकेसाठी लिहिलेला मजकूर वरिष्ठांना सरकारी कामासाठी फारच सरस वाटला आणि त्यांनी तो मासिकाकडे पाठवायला सांगितले. १९३७ मध्ये तो ‘अटलांटिक’ मासिकात ‘अंडरसी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी कार्सन आणि त्यांच्या आईवर आली.

प्लवक म्हणजे काय? ते त्यांच्या पुस्तकांत कसे आले?

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांना प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे ते वनस्पती प्लवक आणि त्यांना खाणारे ते प्राणी प्लवक. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मे वनस्पती प्लवक करतात. लहान माशांपासून देवमाशापर्यंत समुद्रातील बहुतेक जीवांचे अन्न शेवटी त्यांच्यावर अवलंबून असते.

कार्सन यांनी हे सूत्र व्याख्येतून न सांगता एका माशाच्या जीवनकथेतून सांगितले. १९४१च्या ‘अंडर द सी-विंड’ या पुस्तकात स्कॉम्बर नावाचा मॅकरेल मासा आहे. आपल्या कोकणातला बांगडा याच मत्स्यकुळातला. मॅकरेलची अंडी पाण्यात तरंगतात, म्हणजे हा मासा आयुष्याची सुरुवात प्लवक म्हणूनच करतो. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू प्लवकांमध्ये वाहत जाते, त्यांनाच खाते आणि वाटेत कितीदा तरी इतरांचे भक्ष्य होता होता वाचते. अन्नसाखळी वाचकाला त्या पिल्लाच्या बाजूने दिसते.

पुस्तक निघाले आणि महिन्याभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. युद्धाच्या धामधुमीत ते मागे पडले. दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

यश केव्हा मिळाले?

तब्बल दहा वर्षांनी. मधल्या काळात त्या सरकारी नोकरीत राहून रात्री लिहीत होत्या. त्या वेळी सरकारी संशोधन जहाजांवर महिलांना नेत नसत. १९४९ मध्ये ‘अल्बाट्रॉस ३’ या जहाजावर त्यांना परवानगी मिळाली, तीही सोबत आणखी एक महिला असेल तरच. तेव्हा त्यांच्या साहित्य प्रतिनिधी मेरी रोडेल बरोबर गेल्या.

१९५१ मध्ये ‘द सी अराउंड अस’ प्रसिद्ध झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत ते ८६ आठवडे होते. त्याला नॅशनल बुक अवॉर्डही मिळाले. जुने ‘अंडर द सी-विंड’ पुन्हा छापले गेले आणि या वेळी वाचकांनी ते उचलून धरले. १९५२ मध्ये कार्सन यांनी नोकरी सोडली. ‘द सी अराउंड अस’ची मुलांसाठीची सचित्र आवृत्ती १९५८ मध्ये आली.

आधी नाव की आधी नवल?

पुस्तकाच्या पैशांतून त्यांनी मेन राज्याच्या किनाऱ्यावर छोटे घर बांधले. तेथे खडकांमधल्या डबक्यांतले जीव बादलीत आणून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि काम झाले की पुन्हा त्याच जागी नेऊन सोडत.

भाचीचा लहान मुलगा या घरी येत असे. तो जेमतेम वीस महिन्यांचा असताना एका वादळी रात्री त्यांनी त्याला पांघरुणात गुंडाळून किनाऱ्यावर नेले होते. पुढे विजेरीच्या उजेडात खेकडे शोधणे, ओल्या रानातून हिंडणे हा दोघांचा नेहमीचा कार्यक्रम झाला. मुद्दाम धडा दिला जात नसे. दिसेल त्यावर बोलायचे, नावे ओघात यायची. तरीही मुलाला बरीच नावे पाठ झाली.

या अनुभवांवर १९५६ मध्ये त्यांनी एका महिला मासिकात पालकांसाठी लेख लिहिला. मुलाला आधी नवल वाटू द्यावे, माहिती त्या मातीत आपोआप रुजते, हे त्याचे सार. मोठ्यांना सगळी नावे ठाऊक असलीच पाहिजेत असे नाही, मात्र त्यांनी मुलाबरोबर बसून पाहायला हवे, हा आग्रहही त्यात होता. १९५७ मध्ये मुलाची आई वारली. तो पाच वर्षांचा होत होता. पन्नाशीला आलेल्या कार्सन यांनी त्याला दत्तक घेतले.

‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये प्लवक कुठून आले?

१९६२ मध्ये आलेल्या या पुस्तकातला एक महत्त्वाचा दाखला कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तलावाचा आहे. चिलटांचा त्रास कमी करण्यासाठी तेथे डीडीटीच्या जातकुळीतले डीडीडी हे कीटकनाशक फवारले गेले. नंतर विषाचे प्रमाण असे आढळले :

- पाण्यात : दहा लाख भागांत ०.०२ भाग
- प्लवकांत : ५ भाग, म्हणजे पाण्याच्या अडीचशे पट
- प्लवकांवर जगणाऱ्या माशांत : ४० ते ३०० भाग
- मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत : १,६०० भाग

हजारांहून अधिक जोड्या असलेल्या या पक्ष्यांच्या १९६०पर्यंत जेमतेम ३० जोड्या उरल्या. पाण्यात नगण्य वाटणारे विष प्लवकांत साठून पायरी-पायरीने वर चढत गेले होते. स्कॉम्बरच्या गोष्टीत अन्न ज्या वाटेने वर जाते, त्याच वाटेने येथे विष गेले.

पुस्तकावर रसायन उद्योगाने जोरदार टीका केली. कार्सन तेव्हा स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या आणि त्यांनी आजार जाहीर होऊ दिला नव्हता. १९६३ मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलांविषयीच्या लेखाचे मोठे पुस्तक करायचे राहून गेले. तो लेखच १९६५ मध्ये ‘द सेन्स ऑफ वंडर’ या नावाने पुस्तकरूपात आला. डीडीटीच्या बहुतांश वापरावर अमेरिकेत १९७२ मध्ये बंदी आली.

वर्गात हे कसे वापरता येईल?

- जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तोंडाशी तारेचे कडे आणि टोकाला छोटी बाटली बांधली की प्लवकांची साधी जाळी तयार होते. ती मोठ्यांच्या देखरेखीखाली पाण्यातून हळूहळू ओढावी.
- समुद्र दूर असेल तर तळ्याचे पाणीही चालते. त्यातही प्लवक असतात.
- पांढऱ्या बशीत पाणी घेऊन आधी भिंगातून आणि शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकातून पाहावे.
- मुलांनी आधी दिसेल ते चित्र काढावे. नावे आणि व्याख्या नंतर.
- त्यानंतर क्लिअर लेकचे आकडे फळ्यावर लिहून पाण्यातले विष पक्ष्यापर्यंत कसे पोहोचले, हे मुलांनाच शोधायला सांगावे.
- तास संपला की पाणी जिथून आणले तिथेच सोडावे.