आश्रमाच्या दारापलीकडची वाट : पंडिता रमाबाईंचे जीवनकार्य

पुणे, २३ एप्रिल : निराधारांना आसरा देणाऱ्या संस्थांचा इतिहास लिहिताना संस्थेत किती जणांना प्रवेश मिळाला, याची नोंद आवर्जून केली जाते. संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न ज्यांनी आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी ठेवला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आज त्यांची जयंती. विदुषी, समाजसुधारक, धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेली स्त्री अशा अनेक रूपांत त्या महाराष्ट्राला परिचित आहेत. निराधार मुलीला स्वतःच्या पायावर उभे करून संस्थेबाहेर पाठवण्याचा त्यांनी केलेला विचार तुलनेने कमी चर्चिला गेला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरू लागले. रमाबाईंचे सारे शिक्षण आईच्या तोंडून आणि या भटकंतीतच झाले. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने गेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. घर नाही, जमीन नाही, कोणत्याही गावात हक्काचे माणूस नाही, अशा स्थितीत ही भावंडे हजारो मैल पायी चालत राहिली. हाताशी होती ती एकच मिळकत : मुखोद्गत संस्कृत विद्या.

या विद्येनेच त्यांचे दैव पालटले. १८७८ मध्ये कोलकात्यात पोहोचल्यावर तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये ढाक्यात भाऊ निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई अनाथ, विधवा आणि तान्ह्या मुलीची आई होत्या. शिक्षण नसते तर आपले काय झाले असते, हे समजण्यासाठी त्यांना कोणत्याही ग्रंथाची गरज नव्हती. तीर्थक्षेत्री टाकून दिलेल्या विधवा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

१८८२ मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी हंटर आयोगासमोर साक्ष देताना स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड त्यांनी मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत पोहोचल्या. तेथे त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित संस्थेला दहा वर्षे अर्थसाह्य देण्याचे मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या दोन. त्यांतील गोदूबाई ही बालविधवा. विधवेला संस्थेत ठेवून घेणे एवढ्यावर रमाबाईंचा उद्देश संपत नव्हता. शिकून तिने शिक्षिका व्हावे, परिचारिका व्हावे, इच्छा असल्यास पुनर्विवाह करावा. सारांश, कोणाच्या उपकारावर तिला जगावे लागू नये, ही त्यांची दृष्टी होती. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यात आले.

गोदूबाईंचे पुढील आयुष्य म्हणजे या दृष्टीची पहिली कसोटी होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या मुरूड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला. या बहिष्कारातून वाट काढणारे कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मुहूर्तमेढ रोवली. पुढे तो हिंगण्याला स्थिरावला. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, याही बालविधवा, त्या आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा करीत. एका मुलीचे शारदा सदनातून बाहेर पडणे असे आणखी अनेकींसाठी दार उघडणारे ठरले. संस्था सोडलेली व्यक्ती संस्थेच्या कार्याचा विस्तार कशी करते, याचे याहून ठळक उदाहरण त्या काळात सापडणे कठीण.

मात्र त्याच वर्षी संस्था सोडण्याचा दुसरा, कटू प्रकारही रमाबाईंना पाहावा लागला. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी परत नेले. रमाबाईंच्या प्रार्थनेला येण्यास मुलींना मोकळीक होती. सक्ती नव्हती, ही त्यांची बाजू होती. आश्रयदात्या स्त्रीची श्रद्धा आश्रितांच्या मनावर ठसल्यावाचून राहत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते. वादाचा निवाडा कसाही होवो, शिक्षण अर्धवट सुटले ते त्या मुलींचे. त्यांच्या जाण्याचा निर्णय इतरांनी घेतला होता.

अमेरिकेतील मदतीला दहा वर्षांची मुदत होती. ती संपल्यावर काय, हा विचार करून रमाबाईंनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. शेती आणि फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा हेतू होता. मुलींना स्वावलंबी करू पाहणाऱ्या संस्थेने स्वतः मात्र परावलंबी राहावे, ही विसंगती त्यांना मान्य नव्हती.

१८९६-९७च्या दुष्काळाने ही जमीन वेगळ्याच कारणी लागली. मध्य प्रांतातील भुकेने खंगलेल्या मुलींच्या वार्ता ऐकून रमाबाई स्वतः तेथे गेल्या. लहानपणीचा दुष्काळ त्यांच्या स्मरणात ताजा होता. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या, आणि केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० मधील दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभारले गेले. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला आणि मनोरमाबाईंच्या पुढाकाराने तेथे ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली.

शारदा सदनात आलेल्या मुलींना निदान माहेरचे कोणी तरी असे. दुष्काळातून आलेल्या मुलींना परतण्यासाठी गावच उरले नव्हते. म्हणून मुक्तिसदनात अक्षरओळखीबरोबर हातांना काम देण्यावर भर होता. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, स्वयंपाक, रुग्णसेवा, बालवर्ग चालवणे असे अनेक उद्योग तेथे शिकवले जात. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. घाण्यावर बसणारी वा खिळे जुळवणारी स्त्री हे दृश्य त्या काळी अपूर्व होते. येथून बाहेर पडलेल्या अनेकजणी शिक्षिका, परिचारिका, संस्थांच्या व्यवस्थापिका झाल्या, कित्येकींनी संसार थाटले. १९१२ मध्ये रमाबाई व मनोरमाबाई यांनी गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली, तेव्हा केडगावचा अनुभवच तेथे उपयोगी पडला.

अर्थात सगळ्याच बाहेर पडल्या नाहीत. अनेकींनी सारे आयुष्य केडगावातच काढले. अंध, अपंग, वृद्ध वा मनाने खचलेल्या स्त्रियांसाठी ते कायमचे घर झाले. टीकाकारांना यात नवे परावलंबन दिसले, त्याचबरोबर दुष्काळपीडितांच्या सामूहिक धर्मांतराबाबतही त्यांनी प्रश्न उपस्थित केले. हे प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेले नाहीत. परंतु जिला बाहेर आधार नाही तिला ठरावीक वयाच्या टप्प्यावर निरोप देण्याचा नियम रमाबाईंनी केला नाही, हेही तितकेच खरे. जाण्याची तयारी झाली की जावे, नसेल तर राहावे, असा तेथील व्यवहार होता.

आजच्या कायद्याने १८ वर्षे ही सीमारेषा आखली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये बालगृह सोडणाऱ्या युवकांना समाजात स्थिरावण्यासाठी अर्थसाह्याची तरतूद आहे. नियमांनुसार अनुरक्षणाची सोय २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केले. रमाबाईंच्या काळात यांतले काहीही नव्हते. तरीही भाड्याची खोली मिळवणे, कागदपत्रे जुळवणे, आजारपणात हाक मारायला कोणी असणे, या अडचणी अठराव्या वाढदिवसानंतर आजही उभ्या राहतात. त्यांचे उत्तर केवळ मासिक रकमेत सामावत नाही.

रमाबाईंचे अखेरचे दिवस कष्टाचे गेले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे अकाली निधन झाले. संस्थेची सूत्रे जिच्या हाती सोपवायची तीच कन्या आधी गेली. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची संस्था शंभर वर्षांनंतरही कार्यरत आहे.

सोळाव्या वर्षी आधार गमावलेल्या या मुलीजवळ पाठ असलेली विद्या आणि सोबतीला एक भाऊ होता. दोन्ही असल्यामुळे ती तरली. पुढे हजारो मुलींसाठी तिने हीच दोन गोष्टींची बेगमी केली : पोट भरण्याइतके कौशल्य आणि परतून यावे असे एक घर. संस्था सोडणाऱ्या प्रत्येक युवकाची गरज आजही एवढीच आहे.