अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द ठाऊक नाही असे घर आज बेसा परिसरात शोधूनही सापडणार नाही. परंतु शाळा अंगणात भरविण्याची गरज मुळात कोणाला व का वाटली, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आता डी.एड., बी.एड. होऊन शिक्षकी पेशात येत आहेत. आपल्या वर्गात प्रत्येक मुलाला यावेसे वाटावे, ही इच्छा प्रत्येक नव्या शिक्षकाची असते. ते करायचे कसे, हे मात्र ट्रेनिंगमध्ये पुरते कळत नाही. त्यांच्यासाठी आणि पालकांसाठी कै. ताराबाई मोडक यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजातील सुधारक. स्त्रियांनी शिकणे हीच नवलाई होती त्या काळात, १९१४ साली, त्या बी.ए. झाल्या. पुढे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह होऊन त्या अमरावतीस आल्या, म्हणजे आपल्या विदर्भाच्याच सूनबाई झाल्या. दुर्दैवाने तो संसार टिकला नाही. १९२१ साली लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या व तेथील महिला ट्रेनिंग कॉलेजात नोकरी करू लागल्या. पगार चांगला, मानही मोठा. पण आपल्या मुलीला खरे शिक्षण कोठे मिळेल याचा शोध घेताना त्यांना भावनगरचे गिजुभाई बधेका व त्यांचे बालमंदिर यांची माहिती मिळाली. १९२३ मध्ये नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मारू नये, धाक घालू नये, मुलाला स्वतःच्या हाताने करू द्यावे, हा विचार त्यांनी शिक्षण पत्रिकेतून घरोघर पोहोचविला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभे केले.

येथवरचे कार्य बव्हंशी शहरातल्या, शिकल्यासवरल्या घरांतील मुलांचे होते. मॅडम मॉन्टेसरींची साधने महाग, आणि ती घेणार तरी कोण? गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीला बालवाडी निघाली. गावातील बऱ्या घरची मुले आली. हरिजन वस्तीतील व आदिवासी मुले काही येईनात. आपल्यापैकी पुष्कळ शिक्षक अशा वेळी पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होतात. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्याकडे जाईल, असे त्यांनी ठरविले. वस्तीतले एखादे अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि मग गाणी-गोष्टी सुरू कराव्यात, असा तो वर्ग. आयांच्या डोळ्यांसमोरच सगळे चालत असल्याने त्यांच्या मनातील परकेपणाही गळून पडला. महागड्या साधनांच्या जागी आल्या चिंचोके, शंखशिंपले, खडे, पाने, काटक्या. मोजायला चिंचोका काही कमी पडत नाही!

१९५७ साली हे कार्य जवळच्याच कोसबाड टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे अडचण वेगळी. मोठी मुले रानात गुरे राखत आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घर सांभाळत. म्हणून गुराख्यांसाठी गुरांच्या मागोमाग जाणारी कुरणशाळा निघाली. मुलींसाठी तोड निघाली ती पाळणाघराची. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिचे नाव विकासवाडी. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवले की ताई वर्गात बसायला मोकळी. मला स्वतःला ताराबाईंच्या साऱ्या कार्यात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या मोहल्ल्यांतही आई कामाला जाते म्हणून घरी राहणारी, हजेरीपटावर नाव असून बाकावर न दिसणारी मुलगी प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहे. तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडणे सोपे. तिच्या कडेवर कोण आहे, हे ताराबाईंनी आधी पाहिले.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच.