रिगाचा जादूगार

२०२५ साली आपल्या गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तेव्हा आमच्या वास्कोच्या घरातला जुना पटही माळ्यावरून खाली उतरला. मग मी जुन्या खेळाडूंबद्दल वाचत सुटले. त्यांतले मिखाईल ताल मनात घर करून राहिले.

लॅटव्हियाची राजधानी रिगा इथे ९ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांचा जन्म झाला. उजव्या हाताला जन्मतः तीनच बोटं. तरी ते पियानो वाजवायचे. विद्यापीठात ते साहित्य शिकले, काही काळ शाळेत शिकवलं, पुढे बुद्धिबळाच्या मासिकाचं संपादनही केलं. म्हणजे आपल्या साहित्य मंडळाचेच की!

१९५७ मध्ये, विसाव्या वर्षी, ते सोव्हिएत विजेते झाले. १९६० मध्ये बोटविनिकना १२.५-८.५ असं हरवून २३व्या वर्षी जगज्जेते. इतका तरुण जगज्जेता तोवर झाला नव्हता. घोडा, उंट, वेळ पडली तर वजीरसुद्धा ते देऊन टाकायचे. घरी निवांत बसून तपासलं तर अशा काही चालींवर तोड सापडायचीही. पण घड्याळ टिकटिकत असताना समोरच्याला ती सुचायची नाही.

किताब मात्र वर्षभरच टिकला. मूत्रपिंडाच्या आजाराने ते बेजार होते, आणि १९६१ च्या परतीच्या सामन्यात बोटविनिकनी तो परत घेतला. १९६२ ची कुरासावची स्पर्धा अर्ध्यावर सोडून त्यांना इस्पितळात जावं लागलं. १९६९ मध्ये एक मूत्रपिंड काढलं. सिगारेट आणि दारू सुटली नाही, हेही खरं.

असा माणूस संपला असंच कुणालाही वाटेल. पण १९७३-७४ मध्ये ते सलग ९५ डाव हरले नाहीत. १९८८ मध्ये, ५१व्या वर्षी, अतिजलद (ब्लिट्झ) बुद्धिबळाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. मृत्यूच्या काही आठवडे आधी इस्पितळातून उठून मॉस्कोच्या स्पर्धेत गेले आणि कास्पारोवना एक डाव हरवून आले. २८ जून १९९२ रोजी ते वारले.

मी बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा घरच्यांनी विचारलं, पुढे काय? पक्कं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण सगळी उत्तरं हातात आल्यावरच चाल करायची म्हटलं, तर घड्याळ थोडंच थांबणार आहे? ताल यांच्याकडून मी एवढंच शिकले.