कै. दादोबा पांडुरंग तर्खडकर

आपल्या न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावरून पाण्यापलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईंत १८१४ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म झाला. इंग्रजी विद्या संपादून ते शिक्षक झाले आणि १८३६ सालीं, अवघ्या २२ व्या वर्षीं, त्यांनीं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केलें. परभाषेच्या व्याकरणानें लाभलेली दृष्टि त्यांनीं स्वभाषेकडे वळविली, म्हणूनच मराठीचे पाणिनि हें नांव त्यांस मिळालें.

ह्या दृष्टीची गरज आम्हांस वर्गांत नित्य जाणवते. ‘होडी वेळेवर सुटली असती, तर आम्ही धक्क्यास पोहोंचलों असतों’ हें संकेतार्थी वाक्य घ्या. मराठींत दोन्ही अंगांस ‘असणें’ ह्या धातूचें रूप लागतें. म्हणून आमचे विद्यार्थी इंग्रजींतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ योजतात. तें चूक आहे. ‘इफ’च्या अंगांत ‘हॅड’ व भूतकालवाचक धातुसाधित येतें. ‘वुड हॅव’ केवळ फलाच्या अंगांत शोभतें. यास्तव ‘इफ द बोट हॅड लेफ्ट इन टाइम, वुई वुड हॅव रीच्ड द व्हार्फ’ असें लिहावें. एरव्हीं ‘हॅड’ भूतकाळामागचा भूतकाळ दाखवितें. येथें तें घडलेंच नाहीं असें सुचवितें. आधीं मराठी वाक्याचीं दोन अंगें ओळखावीं, म्हणजे इंग्रजीचा भेद सहज कळतो.

दादोबा केवळ वैयाकरण नव्हते. जातिभेद मोडावा व एका ईश्वराची उपासना करावी, ह्या हेतूनें त्यांनीं १८४४ सालीं सुरत येथें मानवधर्मसभेच्या स्थापनेंत भाग घेतला. १८४९ सालीं मुंबईंत परमहंससभा निघाली, तिचेही ते अग्रणी होते. परंतु तिचें कार्य गुप्तपणें चाले. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं. लोकनिंदेच्या भयानें सभा मोडली. सभासद प्रथमपासून उघडपणें वागले असते, तर सभा टिकली असती काय? हें वाक्य आपण इंग्रजींत अवश्य उतरवून पाहावें.

तथापि बीज वायां गेलें नाहीं. १८६७ सालीं दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाज उघडपणें स्थापन झाला. दादोबा १८८२ सालीं निवर्तले. संकेतार्थ हा बहुधा पश्चात्तापाचा अर्थ होय. तो शुद्ध लिहिण्यास आपण अवश्य शिकावें, परंतु स्वतःविषयीं तो योजण्याची वेळ क्वचितच येईल असें वागावें.