सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीने घडविलेला बाप



आपल्या पाचगणीची पोरं पहाटे धुक्यात टेबललँडवर धावताना दिसतात. कुणाची पोलीस भरती, कुणाची मिलिटरी भरती. आईबाप विचारतात, पोराला पलटणीत पाठवावं का? त्यांना उत्तर म्हणून आज एका माणसाचं चरित्र सांगायचं आहे. पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे गेलं की सातारा लागतं. तिथेच हा माणूस काही वर्षं राहिला. त्यांचं नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील.

रामजीबाबांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, तालुका मंडणगड. घर महाराचं. गावात राहिले असते तर गावकीची कामं आणि शिळी भाकर, एवढंच नशिबी होतं. पण वडील मालोजी पलटणीत शिपाई होते. बापाच्या पावलावर पाऊल ठेवून रामजी ऐन तारुण्यात लष्करात भरती झाले. त्यांची पत्नी भीमाबाई मुरबाडकरांची लेक. तिचे वडील आणि चुलतेही पलटणीत सुभेदार-मेजर होते. म्हणजे दोन्ही घरं पलटणीच्या भाकरीवर उभी राहिलेली.

आता पलटणीने रामजींना काय दिलं ते नीट बघा. पगार दिला, वर्दी दिली, हे तर झालंच. पण सर्वांत मोठी गोष्ट दिली ती म्हणजे अक्षर. त्या काळी गावच्या शाळेत आपल्या पोराला दाराबाहेर बसवत, नाहीतर हाकलून देत. इंग्रजांच्या पलटणीत मात्र शिपायांच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा होती. रामजींनी ही संधी दोन्ही हातांनी धरली. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते मास्तर झाले आणि पुढे 14 वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. सुभेदार हुद्द्यापर्यंत चढलेल्या या माणसाचं खरं हत्यार खडू-फळा हेच होतं. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते आपले भीमराव.

पुढे रामजी पेन्शनीत निघाले. आधी दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. तिथे बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. हिशेब, शिस्त, लिहिणं-वाचणं हे सगळं पलटणीत शिकलेलं होतं, म्हणूनच मिळाली. साताऱ्यातच 1896 साली भीमाबाई वारल्या. पोरं आत्या मीराबाईंनी सांभाळली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी रामजींनी भीमरावांना साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं. त्याच शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. छावणीच्या आत सुभेदाराला सलाम होता, छावणीच्या बाहेर तो पुन्हा अस्पृश्यच होता. साताऱ्यात सुभेदाराच्या पोरांचे केस कापायला न्हावी तयार नव्हता. थोरली बहीण भावांचे केस कापायची. पुढे रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलावाच्या कामावर खजिनदार होते. 1901 च्या सुमारास पोरं बापाला भेटायला रेल्वेने मसूर स्टेशनात उतरली. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर जरीची टोपी. पण जात कळताच कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकत, रात्रभर पाण्यावाचून पोरांनी प्रवास केला. बापाची वर्दी तिथे उपयोगी पडली नाही.

आणि तो दरवाजासुद्धा बंद झाला. 1892 च्या सुमारास सरकारने महारांची पलटणीतली भरतीच थांबवली. एका हुकुमाने हजारो घरांची भाकर आणि शाळा दोन्ही गेली. रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज केला. गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीचेच पेन्शनर, त्यांनीही हाच लढा दिला. अर्ज लिहायचं बळ कुठून आलं? पलटणीच्या शाळेतून!

पुढे बिऱ्हाड मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. भीमरावांना लवकर झोपवायचं आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवायचं, हा बापाचा नेम. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लेकींच्या घरी जाऊन दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन हातात पडली की सोडवून परत देत. पलटणीची ती पेन्शन अशी पुस्तकांत गेली. याच काळात रामजींचे स्नेही दादा केळुसकर यांनी भीमरावांना आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. आज आपण या विहारात बुद्धवंदना म्हणतो, त्याची एक वाट त्या चाळीतून आली आहे.

2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजीबाबा मुंबईत वारले. त्याच वर्षी त्यांचा भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेला. ते बघायला बाप राहिला नाही. पण बापाने बंद झालेला पाहिलेला दरवाजा लेकाच्या प्रयत्नाने पुन्हा उघडला. 1941 साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

तेव्हा आईबापांनो, पोराला पलटणीत जरूर पाठवा. वेळेची शिस्त, अंगात कस, चार प्रांतांची ओळख आणि स्वतःची कमाई, आयुष्याची सुरुवात म्हणून हे थोडं नाही. पण रामजींची निम्मी गोष्ट विसरू नका. 2022 साली आलेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची ठरली, फार तर चौथा हिस्सा जवान पुढे कायम, आणि घरी येणाऱ्यांना पेन्शन नाही. मग तर पुस्तक जास्तच लागणार. पलटणीत गेलेल्या प्रत्येकाचा रामजी होत नाही. तिथे मिळालेलं ज्याने शिक्षणात घातलं आणि पोरांच्या हातात दिलं, तोच रामजी.

पहाटे टेबललँडवर धावून आलेल्या पोराने संध्याकाळी विहारात येऊन एक तास पुस्तक उघडावं. सुभेदारांना खरी मानवंदना तीच.

नमो बुद्धाय! जय भीम!