देवासचा हंस

मांडूच्या ओस महालांतून राणी रूपमतीच्या गाण्याच्या आख्यायिका अजून ऐकायला मिळतात. त्याच माळव्यात, पवारांच्या संस्थानामुळे मराठी वळण लाभलेल्या देवासमध्ये, विसाव्या शतकात एक भजन घडले. एकट्याने उडून जाणाऱ्या हंसाचे ते निर्गुणी पद आज शास्त्रीय संगीताशी संबंध नसलेल्यांच्याही मोबाईलवर असते.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. कुमार गंधर्व ही पदवी त्यांना बालवयातच लाभली. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे विद्या घेतलेल्या या तरुणाचे १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झाले आणि लगोलग क्षयाने त्यांना गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये हे दांपत्य देवासला आले. गाण्यास सक्त मनाई होती. ज्याला गाण्यावाचून दुसरे काही येत नव्हते, त्याने वर्षानुवर्षे खाटेवर मुके पडून राहायचे! भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालविले आणि शुश्रूषाही केली.

कंठ बंद होता. कान मात्र उघडे होते. बायकांची लग्नातली, पावसाळ्यातली लोकगीते आणि भिक्षेकरी जोग्यांची पदे त्यांच्या कानी पडत राहिली. देवासला नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथील परंपरेत जपलेल्या पदसंग्रहातून कबीर-गोरखांची पदे कुमारांच्या हाती आली. शब्द तेथले, गायनाची धाटणी जोग्यांची. घडण मात्र सर्वस्वी कुमारांची.

स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले. १९५३ मध्ये अलाहाबादच्या मैफलीत ते पुन्हा गायले. एक फुप्फुस निकामी झाल्यामुळे त्यांची गायकी तुकड्यातुकड्यांची झाली, असे नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे वाटते. दम पुरत नाही म्हणून स्वर तोडणारा गायक आणि पुढे शांतता हवी म्हणून स्वर सोडणारा गायक, यांत फरक आहे. हंसाच्या भजनात वरच्या षड्जावर फेकलेला तो स्वर ऐकावा: त्यात धाप नाही, गयावया तर मुळीच नाही.

म्हणूनच शोकसभांत हे भजन लावण्याची आपली प्रथा मला थोडी खटकते. हंस म्हणजे जीव, आणि देह सोडून जाणे म्हणजे मरण, हे खरेच. परंतु कुमारांच्या गळ्यात त्या एकटेपणाची तक्रार उरत नाही. १९६१ मध्ये भानुमती बाळंतपणात गेल्या. पुढे पत्नी वसुंधरा कोमकली यांच्या साथीने ही निर्गुणी भजने घरोघरी पोहोचली.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारांचे निधन झाले. ज्या गावी ते बरे होण्यापुरते आले होते, तेथे त्यांनी चव्वेचाळीस वर्षे काढली.