अनवाणी फुटबॉलपटू महंमद सलीम

मी आज महंमद सलीम यांची माहिती लिहीत आहे. ते आपल्या देशातून परदेशात गेले आणि तिथल्या मोठ्या क्लबकडून फुटबॉल खेळले. तेही अनवाणी! पायात बूट नाही, चप्पल नाही, काही नाही.

त्यांचा जन्म १९०४ साली कलकत्त्यात मेटियाब्रुज या भागात झाला. तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. कलकत्त्याला फुटबॉलचं लई वेड. गोऱ्या सोल्जरांचे संघ बूट घालून खेळायचे आणि आपले खेळाडू बहुतेक अनवाणी. १९११ साली मोहनबागान या संघाने ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरवले आणि आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मोहनबागानच्या अकरा जणांत बूट घातलेला एकच होता, बाकीचे दहा अनवाणी. सलीम तेव्हा सात वर्षांचे होते. म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलांएवढे.

मोठेपणी सलीम मोहमेडन स्पोर्टिंग या संघात खेळू लागले. ते मैदानाच्या कडेने चेंडू पळवत न्यायचे. १९३४ साली या संघाने कलकत्त्याची लीग स्पर्धा जिंकली. त्याआधी एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती, दरवर्षी गोऱ्यांचाच संघ जिंकायचा. आणि एकदा जिंकली ती १९३८ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकली!

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकचे सामने होते. तिकडे जाताना चीनचा संघ भारतात थांबला व इथे सामने खेळला. त्यांच्याविरुद्ध सलीम फार छान खेळले. त्यांचे एक नातेवाईक होते, हाशीम. ते स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात दुकान चालवत. त्यांनी सलीमचा खेळ बघितला आणि आपल्याबरोबर तिकडे चलाच असा आग्रह धरला. मग दोघे बोटीने निघाले. गुरुजींनी आम्हाला नकाशात ग्लासगो दाखवले. कलकत्त्यापासून बोट फिरवत फिरवत नेताना माझं बोट दुखलं. खऱ्या बोटीला किती दिवस लागले असतील बघा.

ग्लासगोला सेल्टिक नावाचा जुना आणि नामांकित क्लब आहे. तिथले खेळाडू पगारी होते, म्हणजे फुटबॉल हीच त्यांची नोकरी. क्लबचे प्रमुख विली मेली यांना हाशीम जाऊन भेटले व म्हणाले की माझ्या माणसाची परीक्षा घ्या, पण तो बूट घालत नाही. मेलीसाहेबांना हसूच आले. तिकडचे बूट जाड चामड्याचे, खाली टोके बसवलेले. त्याखाली उघडा पाय सापडला तर काय होईल? आपल्या पटांगणात नुसता खडा लागला तरी आपण लंगडत घरी जातो. तरी त्यांनी परीक्षा घेतली. सलीमनी पायाने चेंडू असा काही नाचवला की बघणारे बघतच राहिले. लगेच त्यांना खेळायला घेतले.

सामन्याआधी क्लबचे जिमी मॅकमेनेमी हे त्यांच्या पायाला पट्ट्या बांधत. ते स्वतः सेल्टिकचे जुने मोठे खेळाडू. तो पट्टी बांधतानाचा फोटोसुद्धा आहे. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. कारण राज्य तर त्यांचे होते, आणि तिथला मोठा माणूस खाली बसून आपल्या माणसाच्या पायाला पट्टी बांधतोय.

हॅमिल्टनच्या संघाविरुद्ध सेल्टिक ५-१ ने जिंकले. त्यात सलीमनी पेनल्टीवर गोल केला. दुसरा सामना गॅल्स्टनशी झाला, तो ७-१ ने जिंकला. हे राखीव संघाचे सामने होते, मुख्य संघाचे नव्हते. पण माझ्या मते त्याने काही बिघडत नाही, समोरचे बूट तेवढेच टणक होते. तिथल्या वर्तमानपत्रात त्यांना चेंडू खेळवणारा भारतीय जादूगार म्हटले होते. आपण हातचलाखी म्हणतो, ही तर पायचलाखी झाली.

पण सलीमना घरची फार आठवण येऊ लागली. क्लबने त्यांना राहण्याचा आग्रह केला. त्यांच्यासाठी एक सामना ठेवून तिकिटाच्या पैशातला वाटाही देऊ केला. असे सांगतात की तो वाटा त्यांनी अनाथ मुलांना देऊन टाकायला सांगितला आणि ते कलकत्त्याला परत आले. आमच्या वर्गात यावर भांडण झाले. काही मुले म्हणाली की राहायला पाहिजे होते, पैसा मिळाला असता. मला तसे नाही वाटत. मी मामाकडे चार दिवस राहिलो तरी रात्री आई आठवते. ते तर समुद्रापलीकडे होते.

परत आल्यावर ते पुन्हा आपल्या मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळू लागले.

१९८० साली सलीम वारले. त्याआधी ते आजारी असताना त्यांच्या मुलाने सेल्टिक क्लबला पत्र लिहिले की वडिलांच्या औषधाला मदत पाहिजे. खरे तर त्याला पैसे नको होते. वडील त्या लोकांच्या अजून लक्षात आहेत का, एवढेच त्याला बघायचे होते. मधे चाळीसच्यावर वर्षे गेली होती. क्लबचे उत्तर आले. पाकिटात पत्र होते आणि शंभर पौंडांचा ड्राफ्ट होता, म्हणजे बँकेत दाखवला की पैसे मिळतात तो कागद.